शेडनेटमधला टोमॅटो: पंप उचलण्याआधी पान उजेडात धरा



आपल्याकडे शेडनेटमधला टोमॅटो बऱ्याच जणांनी बीजोत्पादनासाठी लावलेला असतो. एकेक फूल हाताने क्रॉस केलेलं. अशा फळाला अळीने टाचणीएवढं भोक पाडलं, की फळ सडतं आणि त्याच्याबरोबर बी अन् क्रॉसिंगची मजुरीही जाते.

*आधी कीड ओळखा*
पानावर पांढरं काही दिसलं की आपण "नागअळी" म्हणतो आणि औषध मारतो. पान उजेडात धरून बघा. नागमोडी बारीक रेघ असेल तर नागअळी. पसरट, पारदर्शक फोड आणि आत काळी विष्ठा असेल तर ती टुटा. ही दक्षिण अमेरिकेतली कीड 2014 मध्ये महाराष्ट्रात आढळली. नागअळी पानातच राहते, टुटा मात्र शेंडा आणि फळातही शिरते. अळी आत लपलेली असल्याने वरवरच्या फवाऱ्याने मरत नाही. तेच तेच औषध मारत राहिलं तर ती त्याला दाद देईनाशी होते.

*आत येऊ देऊ नका*
साध्या हिरव्या नेटच्या भोकातून टुटाचा पतंग सहज आत येतो. बाजूंना 40 मेशची कीटकरोधक जाळी लावा. दार दुहेरी ठेवा, फाटलेलं आजच शिवा. रोपं आणताना पानं तपासून घ्या. शेडनेटला लागून वांगी, बटाटा नको, टुटा त्यावरही जगते.

*सापळे*
10 गुंठ्यांत टुटाचे 2 कामगंध सापळे लावा. पतंग वाढले तर 4-5 करा. लूर टुटाचीच मागा, घाटेअळीची चालत नाही. पांढरी माशी पर्णगुच्छ विषाणू पसरवते, तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा.

*क्रॉसिंगच्या बायांना सांगा*
रोज प्रत्येक झाडाला हात लागतो तो त्यांचाच. प्रत्येकीकडे एक पिशवी द्या. फोडाचं पान, भोकाचं फळ दिसलं की तोडून पिशवीत. ते बांधावर टाकू नका, पिशवीचं तोंड बांधून उन्हात ठेवा. बांधावर टाकलं तर अळी मातीत कोष करते आणि पतंग होऊन परत येते.

*फवारणी सगळ्यात शेवटी*
5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी गाळून पाणी 100 लिटर करा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा. अळी लहान असतानाच बीटी जिवाणू पावडर लेबलवरच्या मात्रेत फवारा. पांढऱ्या माशीला लेकॅनिसिलियम 5 ग्रॅम प्रति लिटर, पण त्यात बुरशीनाशक मिसळू नका. फवारणी क्रॉसिंग उरकून बाया बाहेर पडल्यावर, ऊन उतरल्यावरच करा.

आज संध्याकाळी 20 झाडं बघा. शंका आली तर पानाचा फोटो ग्रुपवर टाका किंवा तेच पान घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. पंप त्यानंतर.