खांबाला हात लावण्यापूर्वी

एरंडेलाने गुळगुळीत झालेल्या खांबाला उलटा लटकलेला पोरगा पाहून आपण टाळ्या वाजवतो. पण खांबाला हात लावण्यापूर्वीची त्याची पंधरा मिनिटे कुणी पाहत नाही. आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते त्या पंधरा मिनिटांविषयी.

गंमत अशी, की मल्लखांब हीच मुळात एक तयारी होती. कुस्तीसाठी अंग तयार करायचे ते या खांबावर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. पुढे आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला, १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिनला जाऊन आपले देशी व्यायाम दाखवून आले. आता मल्लखांब काय किंवा जिम्नॅस्टिक्स काय, त्याच्या आधी वेगळी तयारी लागते.

कन्हानकाठच्या मौद्यासारख्या गावी असा वर्ग चालवायचा म्हटले, तर गुरुजी एक, वेळ तासाभराचा, आणि पोरं पाच वर्षांपासून सोळापर्यंतची. साहजिकच सगळ्यांना मैदानाला पाच फेऱ्या आणि मग वाकून अंगठे धरा, असा एकच हुकूम सुटतो. सोयीचा आहे खरा, पण मुलांच्या वाढत्या हाडांना तो मानवत नाही.

पाच ते सात वर्षांच्या मुलांना ओळीत उभे करून मान फिरवा, खांदे फिरवा म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या मिनिटाला ती इकडेतिकडे बघू लागतात. त्यांना तळ्यात-मळ्यात खेळू द्या, शिवाशिवी खेळू द्या. बेडूकउड्या मारायला सांगा, पण अट घाला, की बेडकाच्या पायांचा आवाज येता कामा नये. आवाज टाळायचा म्हणजे गुडघे वाकवूनच उतरावे लागते, आणि उडीतले निम्मे शिक्षण तेच. सात-आठ मिनिटे पुरतात. लहान अंग लवकर तापते.

आठ ते अकराच्या मुलांना लंगडी उत्तम. मात्र प्रत्येक पोट्टा आपल्या सवयीच्या पायावरच धावतो. पाय बदलायला लावा. दोरीवरच्या उड्या, अस्वलासारखे हातापायांवर चालणे, एकाने दुसऱ्याचे पाय धरून चालवायची ढकलगाडी यांनी खांदे आणि मनगटे हळूहळू भार घ्यायला शिकतात.

खरी काळजी बारा वर्षांपुढची. या वयात उंची भराभर वाढते. हाडे पुढे जातात, स्नायू मागे राहतात. गेल्या वर्षी सहज अंगठे धरणारी मुलगी यंदा पोटरीपाशीच अडते. तिला आळशी म्हणू नका, आणि पाठीवर हात ठेवून दाबू तर मुळीच नका. मनगटाजवळ हाडाच्या टोकाशी वाढीची कोवळी पट्टी असते. हातांवर उभे राहताना, कोलांटी मारताना सगळा भार तिथेच येतो. रोज तयारीवाचून तो आला, तर मनगट दुखू लागते, आणि मुले सांगत नाहीत; वर्गातून नाव कमी होईल ही त्यांना भीती. म्हणून या मुलांनी आधी हलके धावावे, सांधे फिरवावेत, चार-पाच सूर्यनमस्कार संथपणे घालावेत, मग भिंतीला हात टेकून मनगटांवर थोडा थोडा भार द्यावा. स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरायचे प्रकार मात्र शेवटी ठेवावेत. उडीच्या लगेच आधी ते केले, तर काही वेळ स्नायूंचा जोर कमी पडतो, असे आता दिसून आले आहे.

आपल्याकडे हवाही विसरून चालत नाही. पौषातल्या सकाळी पाच मिनिटे जास्त द्या आणि स्वेटर लगेच काढायला लावू नका. वैशाखात सावली शोधा, पाणी प्यायला द्या, फेऱ्या कमी करा. पण उन्हाने अंग तापलेच आहे, मग तयारी कशाला, असे म्हणू नका. उन्हाने कातडी तापते. सांधे मोकळे होत नाहीत. शेजारच्या खेड्यातून सायकल दामटत आलेल्या मुलाचेही तसेच. त्याचे पाय तयार असतात, खांदे नाहीत.

तयारी पुरी झाली हे ओळखायचे कसे? कपाळावर बारीक घाम यावा, आणि मुलाला आपले नाव, गाव, इयत्ता एका दमात सांगता यावी. धाप लागली, तर फार झाले. आणि उशिरा येऊन थेट रांगेत घुसणाऱ्याला खांबाजवळ फिरकू देऊ नका. त्याने आधी लहानांच्या तळ्यात-मळ्यात सामील व्हावे. तो लाजेल, आणि लहानगी खूश होतील.