तोयोसुहून तीन वाटा : जत्रा, डोंगर आणि समुद्र



आपल्या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना आज परदेशी आहेत. आमचा मुलगा आणि सूनबाई टोकियोतील तोयोसु येथे राहतात. आम्ही उभयता दोनदा त्यांच्याकडे राहून आलो. परतल्यापासून मंदिरात भेटणाऱ्या भगिनी विचारतात, "आम्हीही जाणार आहोत, काय काय पाहू?" प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून द्यावे असे विश्वस्तांनी सुचवले, म्हणून हा लेख. पाहण्याच्या जागा तर सांगतेच, पण त्यासोबत कोठे थांबावे आणि कोठून मागे फिरावे हेही सांगणार आहे. त्याचे कारण लेखात पुढे येईल.

प्रथम तोयोसुविषयी. हा टोकियोच्या कोतो विभागातील समुद्रात भराव घालून केलेला भाग. १९२३ च्या मोठ्या भूकंपात शहर कोसळले, त्याचा राडारोडा या भरावात वापरला गेला. पुढे येथे जहाजबांधणीचा कारखाना होता. आता तेथे उंच इमारती, बागा आणि मोठे व्यापारसंकुल आहे. सुकिजीचा प्रसिद्ध मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये येथे हलवला गेला. कोतो आणि शेजारच्या एदोगावा विभागात भारतीय कुटुंबे बरीच आहेत, त्यामुळे उद्यानात संध्याकाळी मराठी कानावर पडते. येथून जत्रा, डोंगर आणि समुद्र या तिन्ही ठिकाणी रेल्वेने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येते.

पहिली वाट : जत्रा

तोयोसुपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर मोन्झेन-नाकाचो हा जुना भाग आहे. तेथे १६२७ साली स्थापन झालेले तोमिओका हाचिमानगू हे शिंतो मंदिर आहे. त्याची यात्रा ऑगस्टच्या मध्यात भरते आणि मुख्य यात्रा दर तीन वर्षांनी होते. कोरोनामुळे लांबलेली ती यात्रा २०२३ साली झाली, तेव्हा आम्ही तेथे होतो. नेहमीच्या हिशेबाने पुढची २०२६ साली येते.

आपल्याकडे देवाची पालखी निघते, तशी तेथे 'मिकोशी' निघते. वस्तीवस्तीच्या पन्नासाहून अधिक मोठ्या मिकोशी खांद्यांवर घेऊन माणसे "वाश्शोई, वाश्शोई" असा घोष करत चालतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर बादल्या-बादल्या पाणी ओततात. हे पाणी शुद्धीचे मानतात, आणि त्या उकाड्यात ते अंगाला गारवाही देते. पाहता पाहता आमचे हे म्हणाले, "खांदा बदलायची रीतसुद्धा आपल्यासारखीच."

त्याच आवारालगत फुकागावा फुदो-दो हे बौद्ध मंदिर आहे. तेथे अग्नीत समिधा अर्पण करण्याचा विधी रोज अनेकदा होतो. त्याला 'गोमा' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला 'होम'. चीनमार्गे जपानात पोहोचेपर्यंत त्याचा उच्चार बदलला. ढोलांच्या गजरात ज्वाला उंच उठतात तेव्हा भाषा कळत नाही, पण विधी ओळखीचा वाटतो. आसाकुसा येथील मात्सुचियामा शोदेन मंदिरही अवश्य पाहावे. तेथील कांगितेन ही देवता म्हणजे आपल्या गणपतीचेच रूप. मूर्ती दर्शनाला खुली नसते आणि नैवेद्याला मोदकाऐवजी पांढरा मुळा असतो. आम्हीही एक मुळा अर्पण केला.

आता गर्दीविषयी. १८०७ साली याच तोमिओका यात्रेला लोटलेल्या लोकांच्या भाराने सुमिदा नदीवरचा एइताई हा लाकडी पूल कोसळला. यात्रा अनेक वर्षांच्या खंडानंतर भरली होती. पुढची माणसे नदीत पडत होती, आणि मागच्यांना काही दिसत नसल्याने ते पुढे रेटतच राहिले. शेकडो माणसे गेली. एका सामुराईने तलवार उपसून डोक्यावर फिरवली, तेव्हा कोठे मागची गर्दी हटली, असे सांगतात.

हे वाचताना मला मांढरदेव आठवले. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट चिंचोळी होती आणि मागून रेटा होता. सुमारे ३०० भाविक दगावले. दोनशे वर्षांचे आणि दोन देशांचे अंतर, पण कारण तेच : मागच्याला पुढचे दिसत नाही.

म्हणून कोठल्याही यात्रेत हे करावे. पोहोचल्यावर प्रथम बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आधी ठरवावी. छातीवर दाब जाणवू लागला तर दर्शनाचा मोह सोडून कडेकडेने बाहेर पडावे. हात छातीसमोर दुमडून ठेवावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नये. तोयोसुजवळच्या त्या यात्रेत स्वयंसेवक दोर धरून गर्दीचे टप्पे पाडत होते आणि पुढची जागा मोकळी झाल्याशिवाय मागच्यांना सोडत नव्हते.

दुसरी वाट : डोंगर

ज्येष्ठांसाठी पहिला डोंगर म्हणजे ताकाओ. उंची ५९९ मीटर, म्हणजे पुण्याच्या सिंहगडापेक्षा बरीच कमी. तोयोसुहून भुयारी रेल्वेने इचिगायाला यावे आणि तेथे गाडी बदलून शिंजुकुमार्गे ताकाओसानगुचीला जावे. अर्ध्या डोंगरापर्यंत केबल कार आहे आणि पहिल्या क्रमांकाची वाट बहुतेक फरसबंद आहे. वाटेवर याकुओ-इन हे ७४४ साली स्थापन झालेले मंदिर लागते. आम्ही दुसऱ्या भेटीत नोव्हेंबरमध्ये गेलो, तेव्हा मेपलची पाने लाल झाली होती आणि माथ्यावरून फुजी स्पष्ट दिसला. माझ्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही.

ज्यांना खरे रान हवे त्यांनी टोकियोच्याच पश्चिमेला ओकुतामा भागात जावे. तेथील कुमोतोरी हे २,०१७ मीटरचे शिखर टोकियोत सर्वांत उंच, आणि ते चढायला सहसा दोन दिवस लागतात. त्या रानात अस्वले आहेत, म्हणून चालणारे पिशवीला घंटा बांधतात. वाटेच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी एक पेटी असते. आपण किती जण आहोत, कोणत्या वाटेने जाणार, केव्हा उतरणार हे कागदावर लिहून त्यात टाकायचे. माणूस परतला नाही तर शोध कोठे घ्यायचा हे त्यावरून कळते. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाला किंवा कळसूबाईला जाणाऱ्या मुलांनी निदान घरी तरी अशी चिठ्ठी ठेवावी.

फुजीविषयी तरुण मंडळी हमखास विचारतात. उंची ३,७७६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. चढाईचा काळ जुलैच्या सुरुवातीपासून १० सप्टेंबरपर्यंतच असतो. बस सुमारे २,३०० मीटरपर्यंत नेते, त्यामुळे 'उरले ते थोडेच' असे वाटते आणि तेथेच फसगत होते. रात्रभर न थांबता चढून सूर्योदय गाठायचा आणि लगेच उतरायचे, या घाईत विरळ हवेने माणसे आजारी पडतात. म्हणून २०२४ पासून योशिदा वाटेवर फाटक बसवले आहे. २०२५ मध्ये तेथे माणशी ४,००० येन शुल्क होते, आणि निवाऱ्यात राहण्याची नोंद नसलेल्यांना दुपारी २ नंतर वर सोडत नव्हते. दरवर्षी नियम बदलू शकतात, म्हणून जाण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

आमचा मुलगा मित्रांसह गेला होता. आठव्या टप्प्यावर एकाचे डोके ठणकू लागले आणि त्याला उलटी झाली. माथा दिसत होता, तरी सगळे मिळून खाली उतरले. घरी आला तेव्हा मुलगा खट्टू होता. मी त्याला पोटाशी धरले. त्याने विचारले, "आई, एवढे काय झाले?" तेव्हा मी त्याला, तोवर कधीही न सांगितलेली, आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली.

तिसरी वाट : समुद्र

१९७४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो. दर्शन झाले. देवळामागे खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, ती ओहोटीला मोकळी असते आणि भरतीला लाटांखाली जाते. माझे धाकटे काका तेव्हा बावीस वर्षांचे होते. गावातले एक गृहस्थ म्हणाले, "आता पाणी चढतंय, उद्या सकाळी करा." काका म्हणाले, "एवढ्या लांबून आलोय, प्रदक्षिणा अर्धी कशी सोडायची?" लाट आली ती आम्ही सर्वांनी पाहिली. आजीने त्यानंतर समुद्राचे दर्शन कधी घेतले नाही.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण मोठे असते. हा अंदाज आहे, अंतिम शब्द स्थानिक कोळीबांधवांचा. जपानच्या किनाऱ्याला हा हिशेब लावू नये. तेथे त्या-त्या ठिकाणचे भरतीचे वेळापत्रक मिळते.

तोयोसुहून जवळचा एक किनारा कासाई रिंकाई उद्यानाचा. भुयारी रेल्वेने दोन स्थानके शिन-किबा, तेथून गाडी बदलून एक स्थानक. नातवंडांना वाळूत खेळवायला आणि पक्षी पाहायला ही जागा उत्तम. पाणथळ पक्ष्यांसाठी तिला २०१८ साली रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला.

दुसरा किनारा एनोशिमाचा, साधारण दीड तासावर. हे बेट बेंझाइतेनचे, म्हणजे आपल्या सरस्वतीचे. हाती वीणेसारखे वाद्य घेतलेली तिची मूर्ती पाहून हात आपोआप जोडले जातात. बेटाच्या मागच्या बाजूला खडकांची पसरट पायरी आहे, जी १९२३ च्या भूकंपात वर उचलली गेली. तिच्या पलीकडे लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत. ती जागा पाहताच माझ्या अंगावर काटा आला. देऊळ पुढे, खडक मागे, पाणी खाली. अगदी हरिहरेश्वर.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होते, पण दूर समुद्रात वादळ असल्याने लाटा मोठ्या होत्या. गुहेची वाट बंद होती. राखणदाराने दोन्ही हातांची फुली करून नकार दिला आणि कमरेत वाकून क्षमा मागितली. हे जरा वैतागले. म्हणाले, "एवढ्या लांबून आलो!" त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकून मी मटकन पायरीवर बसले. त्यांना लगेच उमगले. आम्ही तेथूनच बेंझाइतेनला नमस्कार केला आणि मागे फिरलो.

पोहणाऱ्यांसाठी थोडे. जपानी किनाऱ्यांवर पोहण्याचा हंगाम साधारण जुलै-ऑगस्टचा असतो. तो संपला की जीवरक्षक नसतात आणि जेलीफिशही वाढतात. निळा झेंडा म्हणजे पोहण्यास मोकळीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे मनाई. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलवला जात असेल तर तो त्सुनामीचा इशारा आहे. सामान तेथेच टाकून उंचावर जावे. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहून आधी प्रवाहाबाहेर यावे आणि मग वळावे.

निघण्यापूर्वी

रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११० आणि समुद्रातील संकटासाठी ११८ हे क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावेत. घरचा पत्ता जपानीत लिहून घ्यावा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. ऑगस्टचा दमट उकाडा आपल्या मुंबईलाही मागे टाकतो, म्हणून पाणी आणि मीठ-साखर सोबत असावी. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे की साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. रस्त्यावर कचरापेट्या फारशा नसतात, आपला कचरा पिशवीत घालून घरी आणावा.

एक विनंती

आपल्या ट्रस्टची ज्येष्ठांसाठीची कोकण यात्रा यंदाही निघेल आणि हरिहरेश्वरला जाईल. या यात्रेच्या प्रत्येक बसमध्ये प्रथमोपचार पेटी, दोर, शिट्टी आणि त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फलक असावा, अशी माझी इच्छा आहे. विश्वस्तांनी ती मान्य केली आहे. पेट्यांसाठी ज्यांना यथाशक्ती देणगी द्यावयाची असेल त्यांनी कार्यालयात पावती घेऊन द्यावी. त्याहून मोठी गरज माणसांची आहे. प्रदक्षिणेच्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून "आता नको, पाणी चढतंय" असे हात जोडून सांगणारे चार तरुण सेवेकरी हवे आहेत. लोक रागावतील, "एवढ्या लांबून आलोय" म्हणतील. तरी उभे राहायचे.

देव उद्याही तेथेच असतो. प्रदक्षिणा अर्धी राहिली तर तो रागावत नाही, एवढे मी या वयात खात्रीने सांगते.

॥ शुभं भवतु ॥

— एक आजीव सभासद भगिनी