बघता बघता नाचणारा मेंदू

तंजावूरच्या भरतनाट्यम वर्गात तट्टुकळी ही लाकडी काठी तट्टुमनै या लाकडी ठोकळ्यावर 'तै या तै' वाजत असते. कोपऱ्यात बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी नुसती बघत असते, पण तिच्या पायाची बोटं जमिनीवर हलत असतात.

बघणारा मेंदूही खरोखर कामाला लागतो.

डोक्याच्या माथ्याजवळ, हालचाल सांभाळणाऱ्या भागावर, शरीर स्वस्थ असताना सेकंदाला साधारण 8 ते 13 आवर्तनांची एक लय असते. तिला म्यू लय म्हणतात. हात हलवला की ती दबते. हलवायचं नुसतं ठरवलं तरी दबते. 1954 मध्ये फ्रान्सच्या गास्तो आणि बेर यांनी सिनेमा पाहणाऱ्यांचे मेंदूलेख काढले. पडद्यावरच्या माणसांच्या हालचाली पाहतानाही, खुर्चीत स्वस्थ बसलेल्यांची ही लय दबत होती!

2008 च्या एका अभ्यासात तर नृत्य पाहताना नर्तकांच्या मेंदूतल्या लयी न नाचणाऱ्यांपेक्षा जास्त दबलेल्या आढळल्या. शरीराला जे ठाऊक असतं, ते मेंदू वेगळ्या नजरेनं बघतो.

म्हणून तंजावूर आठवतं. इथल्या बृहदीश्वर मंदिरात नाट्यशास्त्रातल्या 108 करणांपैकी, म्हणजे नृत्याच्या पायाभूत हालचालींपैकी, 81 कोरलेली आहेत. पुढे तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी आजच्या भरतनाट्यमची मांडणी बसवली. राजांनी स्वतः 'देवेंद्र कुरवंजी' ही नृत्यनाटिका मराठीत लिहिली. कोपऱ्यातल्या त्या मुलीसारखं गुरूंसमोर बसून बघणं हाही एक धडाच.

तुमच्या घरी कुणी नृत्य शिकतं का?