‘अडखळू नकोस’ म्हणण्याआधी...

हजेरी सुरू असते. शेजारच्याचं ‘प्रेझेंट सर’ घशातच अडकतं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसतं. तुम्हीही कधी हसला असाल. किंवा तो शेजारचा म्हणजे तुम्हीच असाल. दोघांनीही अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची ही गोष्ट वाचाच.

शंभरेक वर्षांपूर्वी तिथले मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी ठरवलं, की मन, मेंदू आणि वाणी यांचा अभ्यास एकत्र व्हायला हवा. त्यांच्या तालमीत तयार झालेले ली ट्रॅव्हिस १९२४ मध्ये पीएचडी झाले आणि पुढे त्यांनी विद्यापीठाचं स्पीच क्लिनिक नावारूपाला आणलं.

१९२६ मध्ये तिथे वेंडेल जॉन्सन नावाचा तरुण आला. शिकायला, आणि जमलं तर बरं व्हायला. तो स्वतःच अडखळत बोलायचा. डावखुऱ्याला उजवं केलं की मेंदूचा गोंधळ होतो आणि बोलणं अडखळतं, असं तेव्हा तिथे मानायचे. म्हणून या पठ्ठ्याने चक्क उजवा हात प्लास्टरमध्ये ठेवून पाहिला! अडखळणं काही गेलं नाही. पण तो याच विषयातला नावाजलेला प्राध्यापक झाला.

जॉन्सनचं म्हणणं होतं, की लहानपणी सगळीच मुलं थोडीफार अडखळतात. मोठ्यांनी त्यावर शिक्का मारला की ते घट्ट होतं. हे तपासायला १९३९ मध्ये त्याच्या हाताखालच्या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली २२ मुलं निवडली. त्यांतल्या चांगलं बोलणाऱ्या सहा मुलांना महिनोन् महिने सांगितलं गेलं, ‘तुझ्या बोलण्यात दोष आहे.’ ती मुलं अडखळायला लागली असं ठामपणे म्हणता येत नाही. पण ती गप्प गप्प झाली, बोलायलाच घाबरू लागली. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये राज्याने भरपाईही मान्य केली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

ज्याने स्वतः हे सोसलं, त्याच्याच देखरेखीखाली हे घडलं, हे जास्त टोचतं.

अडखळण्यामागे आनुवंशिकता आणि मेंदूच्या कामाची पद्धत असते, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे कुणाच्या टोमण्याने ते सुरू होत नाही. पण टोमण्याने माणूस बोलायचा थांबतो, हे त्या सहा मुलांनी दाखवून दिलं.

तेव्हा मित्राचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. ‘सावकाश बोल’ हा सल्लाही नको. त्याच्याकडे बघा, थांबा, ऐका. आणि अडखळणारे तुम्हीच असाल, तर लाज कसली? स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईत वांद्र्याला तर अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्थाच आहे. उद्याच्या हजेरीला मात्र हात वर करा. ‘प्रेझेंट’ला दोन सेकंद जास्त लागले, तर लागू देत की!