वेतन व विश्वास : प्रा. एर्न्स्ट फेर यांचे प्रयोग

पेढीवर माणूस नेमताना त्याचे वेतन ठरते, कामाच्या वेळा ठरतात. परंतु तो मन लावून काम करील, ही गोष्ट कोणत्याही करारात बांधून घेता येत नाही. मग चालू दरापेक्षा अधिक वेतन देणे हा निव्वळ उदारपणा समजावा की शहाणा व्यवहार? हा प्रश्न ज्यांनी प्रयोगाच्या कसोटीस लावला, त्या प्रा. एर्न्स्ट फेर यांच्या कार्याचा हा अल्प परिचय.

फेर यांचा जन्म १९५६ साली ऑस्ट्रियात झाला. व्हिएन्ना विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करून १९९४ साली ते स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठात प्राध्यापक झाले. मनुष्य केवळ स्वतःचा लाभ पाहतो, हे अर्थशास्त्रात दीर्घकाळ गृहीत धरले जाई. तसे असते तर बेकारी वाढताच वेतन उतरले असते. परंतु मालक सहसा वेतन उतरवीत नाहीत. १९८२ साली जॉर्ज अकरलॉफ यांनी याचे एक कारण सुचविले. वेतनातील वरचा अंश ही जणू भेट होय, आणि कामगार तिची फेड अधिक कष्टाने करतो.

ही कल्पना फेर यांनी किर्शस्टायगर व रीडल या सहकाऱ्यांसह तपासली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एक लहानसा बाजार मांडला होता. खरेदीदार थोडे, विक्रेते अधिक. खरेदीदाराने भाव बोलावा, विक्रेत्याने तो स्वीकारावा आणि मालाची प्रत मागाहून स्वतः ठरवावी. येथे खरेदीदार म्हणजे मालक, विक्रेता म्हणजे कामगार व प्रत म्हणजे त्याचे कष्ट. चांगली प्रत देण्याचा खर्च विक्रेत्याच्या खऱ्या मिळकतीतून वजा होई. हलकी प्रत दिल्यास शिक्षा काहीच नव्हती. तरीही भाव तळास गेले नाहीत. खरेदीदारांनी चढे भाव दिले आणि विक्रेत्यांनीही त्यांस चांगल्या मालाने उत्तर दिले.

पुढे २००७ साली फेर व ग्योटे यांनी झुरिच येथील सायकलवरून टपाल पोहोचविणाऱ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना मिळणारा उत्पन्नातील हिस्सा चार आठवडे सुमारे २५ टक्क्यांनी वाढविला होता. त्यांनी अधिक पाळ्या केल्या. परंतु दर पाळीतील उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी घटले. पैसा माणसास कामावर आणतो, पण कामाची उमेद केवळ पैशाच्या प्रमाणात वाढत नाही, हे त्यातून दिसले.

भेटीच्या प्रभावासही मर्यादा आहे. ग्नीझी व लिस्ट यांच्या २००६ च्या प्रयोगात ठरल्याहून अधिक वेतन मिळालेल्यांनी प्रारंभी जास्त काम केले, परंतु तो उत्साह काही तासांतच ओसरला.

तात्पर्य, एखाद्या दिवशी सढळ हात केल्याने निष्ठा विकत मिळत नाही. मापता न येणारे काम ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याला आपला हिस्सा न्याय्य आहे असे नित्य वाटले पाहिजे. जमाखर्चाच्या वहीत या भावनेसाठी खाते नसते. पेढीचा नफा मात्र तिच्यावर अवलंबून असतो.