शारीरिक शिक्षणाचा तास : मुले हालतात किती?

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो आणि तो झाल्याची नोंदही होते. परंतु त्या तासात प्रत्येक मूल प्रत्यक्ष किती वेळ हालले, हे क्वचितच पाहिले जाते. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. या दृष्टीने मोजणी अगत्याची ठरते.

सर्वांच्या परिचयाचा खो-खो घ्या. पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ गडी बसलेले व एक धावता. दुसऱ्या संघाचे ३ गडी मैदानात व ६ बाहेर. म्हणजे १८ मुलांपैकी एका क्षणी धावतात केवळ ४. वर्ग ४० मुलांचा असल्यास उरलेली २२ मुले प्रेक्षकच! हा दोष खेळाचा नव्हे, आयोजनाचा होय.

मोजणीची रीत

मॅकेन्झी, सॅलिस व नेडर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९१ साली मांडलेल्या पद्धतीस घड्याळ व कागद पुरेसे आहेत. तास घेणाऱ्या शिक्षकाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने एका मुलाकडे १० सेकंद पाहावे व पुढील १० सेकंदांत नोंद करावी : निजलेले, बसलेले, उभे, चालणारे की जोमाने हालणारे? चार मिनिटांत १२ नोंदी होतात. मग दुसरे मूल घ्यावे. पाच मुलांच्या ६० नोंदींपैकी शेवटच्या दोन प्रकारांच्या २४ भरल्या, तर प्रमाण ४० टक्के झाले. निम्मा तास तरी अशा हालचालीत जावा, हा सर्वमान्य निकष आहे. निरीक्षणासाठी मुले हजेरीपटावरून निवडावीत; केवळ चपळ मुले घेतल्यास आकडा फसवा ठरेल. मुलींचाही त्यात समावेश हवा.

बुलढाणा जिल्ह्यापुरते

प्रमाण कमी आढळल्यास वर्गाचे लहान गट पाडून एकाच वेळी अनेक खेळ घ्यावेत. सर्वांना एकत्र हालविणारे लेझीम योजावे. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालील भागांत उन्हाळा कडक असतो. तेथे हा तास सकाळी ठेवणे हिताचे. शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये शाळेस क्रीडांगण व क्रीडासाहित्य आवश्यक आहे. मैदानाचे सपाटीकरण, सावली व पिण्याचे पाणी यांकडे ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी लक्ष पुरवावे.

ही मोजणी शिक्षकांचे दोष काढण्यासाठी नव्हे. कडेला बसून राहिलेले मूल दृष्टीस पडावे, एवढाच तिचा हेतू आहे.