मागून येणाऱ्याला ती दिसते का?

मुलगी आठवीत गेली, शाळा लांबची झाली, की घरात सायकल येते. सीट उंचीला बरोबर आहे ना, ब्रेक लागतात ना, पुढची बास्केट छान आहे ना, सगळं पाहून होतं. पाहायची राहते ती सायकलची पाठ! अंधार पडल्यावर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपली लेक दिसते का?

संगमेश्वरात हा प्रश्न साधा नाही. मुंबई-गोवा महामार्ग इथूनच जातो. चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पावसाळ्यात तर भरदुपारीही अंधारून येतं. क्लास सुटायची वेळही नेमकी संध्याकाळची.

जरा हिशेब करून बघा. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे 25 ते 33 मीटर रस्ता तसाच संपतो. गडद कपड्यातला माणूस हेडलाईटच्या खालच्या झोतात साधारण तेवढ्याच अंतरावरून दिसतो. मग गाडी थांबणार कधी? ‘मला रस्ता दिसतो की!’ असं मुली म्हणतात. पण मैत्रिणींनो, आपल्याला दिसणं वेगळं आणि आपण दिसणं वेगळं.

मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. पडलेला उजेड तो आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून ड्रायव्हरला तो दुरूनही चमकताना दिसतो. त्याला सेल लागत नाही, बटण लागत नाही. पण आपल्याकडचा लाल चिखल त्यावर बसला की तो आंधळा झालाच म्हणून समजा. 2020 साली केंद्र सरकारने सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता आदेश काढला. तेव्हा नवी सायकल घेताना मागे, पुढे, चाकांना आणि पेडलला रिफ्लेक्टर आहेत ना, ते पाहूनच पैसे द्या. पेडलचे तर फार कामाचे. ते खालीवर हलतात, त्यामुळे पुढे सायकल चाललीय हे चटकन कळतं.

नुसत्या रिफ्लेक्टरवर मात्र विसंबू नका. वळणावर गाडीचा झोत त्याच्यावर पडतोच असं नाही. सोबत सेलवर चालणारा लाल दिवा हवाच. डायनॅमोचा साधा दिवा सायकल थांबली की विझतो, आणि ओल्या टायरवर डायनॅमो घसरतो.

एवढं कराच :

* लाल दिवा सीटच्या दांड्याला लावा. त्याचं तोंड आकाशाकडे नको, सरळ मागे हवं. मागे पांढरा दिवा लावू नका, सायकल समोरून येतेय असं वाटतं.
* कॅरिअरवरचं दप्तर किंवा लोंबणारा रेनकोट दिव्यावर येत नाही ना, ते पाहा.
* मडगार्डला आणि दप्तराला रेडियमची पट्टी चिकटवा. नुसता चकचकीत स्टिकर उपयोगाचा नाही.
* रेनकोट घेताना काळा-निळा टाळा. पिवळा, पोपटी घ्या.
* पावसाळ्यात रोज ओल्या फडक्याने रिफ्लेक्टर पुसा. जादा सेल दप्तरात असू द्या.

हे सगळं नीट झालं की नाही, याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. रात्री सायकल अंगणाच्या किंवा गल्लीच्या टोकाला उभी करा, मुलीला दप्तर-रेनकोटसकट बसवा. पन्नास पावलं मागे जा आणि टॉर्च डोळ्याजवळ धरून तिच्यावर मारा. रिफ्लेक्टर ठळक चमकला पाहिजे. मग टॉर्च बंद करा. लाल दिवा तरीही दिसला पाहिजे. नाही दिसला, तर सकाळी सायकल शाळेआधी दुकानात न्या. लेकीला ‘सांभाळून जा’ म्हणतोच आपण. पण पाठीमागून येणाऱ्या गाडीपासून तिने एकटीने किती सांभाळायचं?